सालेकशांतला समुद्र

हाजरा धबधब्याच्या शेजारीं वसलेल्या सालेकशास गोड्या पाण्याची नवलाई नाहीं; मुंबईचा समुद्र मात्र रेल्वेनें सुमारें हजार किलोमीटर दूर. तो येथें काचपेटींत आणावयाचा, तर लिटरमागें सुमारें 35 ग्रॅम समुद्रक्षार शुद्ध पाण्यांत विरघळवावे; स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. पाणी आटलें कीं भर गोड्याच पाण्याची घालावी, कारण क्षार मागें उरतात.

मासे निवडतांना डोळ्यांचा मोह आवरावा. निळा टँग देखणा खरा. पण तो फूटभर वाढतो. थोडें पाणी लवकर बिघडतें, म्हणून लहान पेटींत चपळ, नारिंगी-पांढऱ्या विदूषक माशांचें एक जोडपें पुरे. तेंही पैदास केंद्रांतलेंच घ्यावें. आपल्या घराची शोभा वाढविण्यासाठीं प्रवाळांतलें त्यांचें घर उजाड करूं नये.