बसून करायचं काम

चि. सागर यास,


परवा फोनवर तू विचारलंस ते एवढंच, की टँकरच्या लायसनला मेडिकल कुठलं लागतं. त्याचं उत्तर दोन ओळींत संपलं असतं. पण पुढे जे बोललास, 'हमाली थोडीच आहे मामा, बसून तर काम', ते काही डोक्यातून जाईना. मामीने रात्री दोनदा विचारलं, कूस का बदलताय म्हणून. शेवटी उठून वही घेतली. फोनवर तू 'हो हो' करतोस आणि ऐकत काहीच नाहीस. ही खोड तुझ्या बापाची.

आधी विचारलंस ते सांगतो. पेट्रोल-डिझेलची गाडी नुसत्या हेवी लायसनवर चालवता येत नाही. तीन दिवसांचं ट्रेनिंग करून लायसनवर तशी नोंद घ्यावी लागते आणि आता दर तीन वर्षांनी उजळणी करून ते वाढवून घ्यावं लागतं. मेडिकलला फॉर्म 1-ए. त्यात डॉक्टर नजर बघतो, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का बघतो, कान बघतो. कंबर किती तास तग धरते, याला त्या फॉर्मात रकाना नाही. म्हणून तू पास होशील. मला भीती आहे ती त्याचीच.

आता 'बसण्या'चं. मनमाडजवळ पानेवाडीला नंबर लावायला पहाटे गाडी तेलाच्या डेपोबाहेर उभी करायची, तेव्हापासून भरून निघेपर्यंत निम्मा वेळ माणूस पायावरच असतो. सुती कपडे, जड बूट, डोक्यावर हेल्मेट, मोबाईल बंद. शिडीने टाकीवर चढायचं. मे महिन्यात मनमाडचं ऊन तुला माहीत आहे. तो पत्रा बुटाच्या तळातून पाय भाजतो. झाकण उघडलं की आतून वाफ उठते, ती दिसत नाही, नुसती हवा थरथरते. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, ही गोष्ट मला ट्रेनिंगमध्ये नाही, भिकादादांसारख्या जुन्या ड्रायव्हरने शिकवली. तरी दुपारपर्यंत डोकं जड होतं, घसा कोरडा पडतो आणि जेवणाची वासना मरते.

आणि पंपावर पोचलं की सुटलो असं नाही. चाकाला ओंडके लावा, अर्थिंगची तार जोडा, तेल संथ होईपर्यंत थांबा, पुन्हा वर चढा, डिप मारून तेल मोजा, सील तोडा, पाइप जोडा. गाडी खाली झाली तरी पाइपात तेल उरतं. ते सोडायचं नाही, कारण घट आली की पहिली नजर ड्रायव्हरकडे जाते. मग पाइपाचं एक टोक खांद्यावर घ्यायचं आणि हातभर हातभर पुढे सरकत तो उचलत जायचं, म्हणजे उरलंसुरलं टाकीत उतरतं. भिजलेला रबरी पाइप खांद्यावर घेऊन वाकून चालणं ही हमाली नाही तर काय आहे? फरक एवढाच, की हमालाला त्याचे पैसे वेगळे मिळतात.

तरी मी म्हणतो, ही सगळी मेहनत परवडली. अंग मोडलं तर रात्री मोडलेलं कळतं, मामी तेल चोळून देते. खरे कष्ट गाडी चालू असताना असतात आणि ते कुणाला दिसत नाहीत. लोकांना घाम दिसला तरच कष्ट दिसतात. ड्रायव्हर काय, शिलाई मशीनवर दिवस काढणारी तुझी आई काय, 'बसूनच तर आहे' म्हणून सगळे त्यांच्यावरून पुढे जातात. अरे, उचललेलं ओझं खाली तरी ठेवता येतं. आम्ही जे धरून ठेवतो ते खाली ठेवायला जागाच नसते.

काय धरून ठेवतो, ते सांगतो. पेट्रोलच्या टाकीत कप्पे असतात, म्हणून माल फार हलत नाही. पण मी टंचाईत येवल्याकडे पाण्याचे टँकर मारले, तेव्हा त्या गाड्यांना धड आडव्या भिंतीही नव्हत्या. गळत गळत गाडी अर्धी व्हायची आणि डोक्यावरच्या अर्ध्या घागरीसारखी डुचमळायची. ब्रेक मारला, गाडी थांबली, की मागून पाण्याचा लोंढा येऊन तिला पुन्हा ढकलायचा. वळणावर गाडी सरळ झाली तरी पाणी बाहेरच्या बाजूलाच झुकलेलं. त्यामुळे धक्का यायच्या आधीच पोट आवळून, पाठ सीटला रेटून बसायची सवय लागते. घरी खुर्चीत बसलो तरी मी तसाच बसतो, हे तू हसून दाखवलं होतंस ना? ते त्यातलं आहे. शिवाय इंजिनाचा थरथराट कंबरेत मुरतो तो वेगळा. बारा हजार लिटर डिझेल म्हणजे दहा टन माल; त्यात गाडीचं वजन धरायचं. कसारा घाटात ते सगळं खालच्या गिअरमध्ये रोखून उतरवायचं.

मग लघवी धरायची. तू हसशील, पण सांगतो. भरली गाडी कुठेही सोडून जाता येत नाही, म्हणून ड्रायव्हर पाणीच पीत नाही. आमच्यातल्या किती जणांना मुतखडे झाले, किती जणांना मूळव्याध, ते नाव घेऊन सांगितलं तर तुला गावची यादी वाटेल. ट्रकवाले रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून डाळ शिजवतात. टँकरवाल्याला काडी ओढायची सोय नाही. तो मिळेल त्या ढाब्यावर तेलकट खातो आणि वर झोप धरून ठेवतो. दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती 1961 च्या कायद्यातच लिहिलेली होती. पण मी ज्या मालकाकडे होतो, त्याने उलट किन्नर, आमच्या भाषेत गाडीवरचा क्लीनर, कमी केला. म्हणजे मागे बघायला कुणी नाही, झाकण धरायला कुणी नाही, पहाटे तीनला 'वस्ताद, डोळा लागला का?' विचारायलाही कुणी नाही. दुसरा माणूस गाडीवर असलाच पाहिजे, हे मी बैठकीत बोललो तेव्हा सगळे माझ्याकडे मी वेडा असल्यासारखं बघत होते. अजूनही बोलतो.

2024 च्या जानेवारीत अपघात करून पळून जाण्याच्या नव्या शिक्षेवरून पानेवाडीच्या गाड्या थांबल्या, तेव्हा तूही पंपावर रांगेत उभा होतास आणि मला फोन करून चिडला होतास. त्या दिवसांत टीव्हीवर दहा वर्षांच्या कैदेवर सगळे बोलले. अपघात करणारा ड्रायव्हर किती तास जागा असतो, हे मी तरी कुणी विचारलेलं ऐकलं नाही. आता नव्या बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलं झालं. पण तुला जी गाडी मिळेल, ती आधीचीच असणार.

तुला जाऊ नको म्हणत नाही. पगार मला कळतो, कर्जही कळतं. पण तुझा गुडघा आणि कंबर काही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, आणि तू ओट्यावरूनही उडी मारून उतरतोस. टँकरवरून उतरताना तोंड गाडीकडे, दोन हात आणि एक पाय कायम टेकलेला. घाई असली तरी. विशेषतः घाई असली तर. पाण्याची बाटली सीटखाली नाही, डोळ्यासमोर ठेव. डुलकी आली तर चहा पिऊन पुढे जाऊ नकोस, मालकाचा फोन आला तरी. त्याला माझा नंबर दे, मी बोलतो.

आक्काला, तुझ्या आईला, सांगितलंस का? नसशील, तर मी आपणहून बोलणार नाही, पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. गुडघ्याचा एक्स-रे आणि कंबरेचे जे कागद असतील ते घेऊन रविवारी ये, मनमाडला आपल्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरला दाखवू आणि मगच फॉर्म भरू. मोटारसायकलवर येऊ नकोस, एसटीने ये.

तुझा,
मामा