ब्रेक दाबला की बसणारा लाइट

गळीत हंगामात नारायणगाव-मंचर पट्ट्यात रात्री गाडी चालवायची म्हणजे पाय सतत ब्रेकवर. बांधावरून उसाची ट्रॉली एकदम डांबरीवर चढते, पुढचा थबकतो, आपणही थबकतो. मागच्याला ते कळणार आपल्या ब्रेकलाइटवरूनच. माझ्या जुन्या मारुती ८०० चा डावा लाइट मात्र उलटंच वागत होता. कळंबच्या अलीकडे एका पिकअपवाल्याने गाडी शेजारी घेतली आणि ओरडून सांगितलं, "दादा, ब्रेक मारला का तुमचा डावा लाइट बसतोय, अन् इंडिकेटर मिणमिणतोय!"

दोन्ही बाजूंचे ब्रेकलाइट गेले असते तर फ्यूज किंवा पेडलजवळचा स्विच पाहायचा. गेला होता एकच, म्हणजे बिघाड त्याच कोपऱ्यात. गावातल्या गॅरेजवाल्याने बल्ब बदलला, मग पुन्हा बदलला, शेवटी होल्डरही नवा घातला. ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात. त्याचा तोटा असा की कारण शोधण्यापेक्षा भाग बदलणं सोपं वाटतं. रात्री पार्किंग लाइट लावला की डावा दिवा छान लागायचा. ब्रेक दाबला की पुन्हा तांबूस, मरगळलेला.

नारायणगावचे वायरिंगवाले मिस्तरी वयाने मोठे, बोलायला तुटक. ब्रेक दाबून धरायला सांगितला, मागे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बल्ब कशाला बदलत बसलाय? अर्थिंग गेलंय."

मागे डबल पॉइंटचा बल्ब असतो. त्यात दोन तारा, २१ वॉटची ब्रेकसाठी आणि ५ वॉटची पार्किंगसाठी. करंट येण्याच्या वाटा दोन. परतीची मात्र एकच, काळ्या वायरीतून गाडीच्या पत्र्यावर. माझ्या गाडीत इंडिकेटरचं अर्थिंगही त्याच काळ्या वायरीवर होतं. ती वाट तुटली की करंट दुसरीकडून घरी जायला बघतो. नुसता पार्किंग लाइट असताना तो ब्रेकच्या तारेतून उलटा शिरून उजव्या दिव्यामार्गे पत्रा गाठतो, म्हणून आपल्याला सगळं ठीक दिसतं. ब्रेक दाबला की त्याही वाटेवर १२ व्होल्ट येऊन उभे राहतात. मग उरते फक्त इंडिकेटरची वाट. तो मिणमिणतो आणि इकडचा दिवा बसतो.

मिस्तरींनी मीटरचं एक टोक दिव्याच्या काळ्या वायरीला लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत लांब वायरीने नेलं. ब्रेक दाबल्यावर काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा होता. तो आठच्या आसपास गेला. मग त्यांनी काळी वायर एका उघड्या बोल्टला नुसती टेकवली. डावा दिवा लख्ख!

डिकीतलं अस्तर काढल्यावर कारण दिसलं. दिव्याचं रबर कडक होऊन फाटलेलं, त्यातून पाणी आत आलेलं. पावसाळाभर ही गाडी घोडेगावहून डिंभ्याच्या पुढे ये-जा करते. त्या बाजूच्या पावसाला एवढी फट पुरते. अर्थिंगच्या स्क्रूखाली नुसता गंज. शिवाय वायरीचं आवरण उंदरांनी कुरतडलेलं. गाडी उभी असते कांदाचाळीला टेकून, तेव्हा त्यांनाही दोष देता येत नाही.

त्यांनी पत्रा घासून चकचकीत केला, वायरीला नवा लग दाबून बसवला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. उजव्या बाजूचीही काळी वायर मी त्याच बैठकीत बदलून घेतली. ती चालू होती, पण तिचंही वय तेवढंच. जुन्या गाडीचे मागचे दिवे चाळे करू लागले की आधी अर्थिंग, मग बल्ब, असा क्रम आता मी भेटेल त्याला सांगत असतो. मिस्तरींची मजुरी त्या नव्या बल्ब-होल्डरच्या बिलापेक्षा कमीच निघाली.