चाळीस पौंड

लंडनमधील वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर साड्या-मिठाईची गुजराती दुकाने पाहिली, की आम्हां बडोदेकरांना मांडवीचाच भास होई. तेथे बिऱ्हाड करावयास आम्ही प्रथम गेलो, तेव्हा दांडिया बाजारातील एक बालमित्र हीथ्रोवर मोटार घेऊन आला. भुयारी रेल्वे १९७७ पासून थेट विमानतळापर्यंत येते. पण ‘मी असताना रेल्वे कशाला?’ हा त्याचा आग्रह. दाराशी सामान उतरवून तो म्हणाला, "पेट्रोल, पार्किंग धरून चाळीस पौंड." रेल्वेने आम्हां दोघांना निम्म्याहून कमी लागले असते! अनोळखी टॅक्सीवाल्याने तेवढेच घेतले असते, तर काहीच वाटले नसते. आम्ही निमूटपणे पैसे दिले. त्याच्यासाठी बडोद्याहून नेलेला लीला चिवडाही दिला. त्याची किंमत मात्र सांगितली नाही.