गच्चीवरचा अँटेना

जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा मी मुंबईत होतो. दोन दिवस अम्मीचा फोन लागला नाही. नंतर मी हॅम रेडिओची परीक्षा दिली, परवाना घेतला आणि एक जुना पाच वॅटचा हँडसेट मिळवला.

त्याचा रबरी अँटेना वीतभर, तोही सेटमध्येच पक्का बसवलेला. १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांब; तिला वीतभर अँटेना अपुराच पडतो. सेट उघडला, सोल्डर वितळवून अँटेना काढला आणि कोॲक्स केबलचा छोटा तुकडा जोडला. मधली तार अँटेनाच्या जागी, जाळी शेजारच्या ग्राउंडला, वर बीएनसी सॉकेट. अँटेना लावल्याशिवाय बोलायचं बटण दाबायचं नाही, नाहीतर ट्रान्झिस्टर जळू शकतो.

चिपळूणच्या घरी गच्चीवर ४९ सेंटिमीटरची उभी तार आणि खाली चार तिरप्या तारा लावल्या. अम्मी जिन्यातच थांबली. "बेटा, आपल्या नावाच्या माणसाने गच्चीवर वायर लावून वॉकीटॉकीवर बोलायचं? लोक काय समजतील?"

तिची भीती खोटी आहे, असं मला म्हणता येईना. परवाना लॅमिनेट करून घेतला, शेजारच्या काकांना वर बोलावलं आणि त्यांच्यासमोर हाक दिली. जिथे आधी नुसती खरखर यायची, तिथून कुणीतरी माझा कॉलसाइन अचूक परत उच्चारला.

"पुरात चालेल का रे हे?" काकांनी विचारलं.

"बॅटरी असेपर्यंत चालेल."

अम्मी म्हणाली, "मग चार्जर वरच ठेव. खाली पाणी येतं."