दोन पावत्या, एक चर

भाद्रपद चतुर्थीला मोरगावात फोन लागणं हाच एक चमत्कार असतो. मयूरेश्वराच्या रांगेतल्या सगळ्या गर्दीचे मोबाइल दोन-चार टॉवरवर लोंबकळत असतात. तरीही त्या वर्षी सव्वाअकराला माझा फोन वाजला. पुण्यातल्या ज्या डेटा सेंटरचं नेटवर्क मी सांभाळायचो, तिथला शिफ्टवरचा मुलगा बोलत होता. ‘‘सर, दोन्ही लिंक डाऊन.’’

आमच्या सर्व्हरवर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट होत्या, शाळांची संकेतस्थळं होती, मंगल कार्यालयांचं बुकिंग होतं. वीज होती, एसी चालू होते, सर्व्हर गुणगुणत होते. बाहेर पडायला रस्ता तेवढा नव्हता.

एक लिंक गेली की मी बाहेर संशय घेतो. दोन कंपन्यांच्या दोन लिंक एकाच मिनिटाला गेल्या, तर आधी घरातच बघायचं. राउटर बसला का? सकाळी कोणी सेटिंगला हात लावला का? मी त्याला म्हटलं, ‘‘कन्सोलवर जा, दोन्ही पोर्टवर लाइट किती येतेय ते वाचून सांग. आणि काहीही रीस्टार्ट करू नकोस.’’ यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं. घाबरलेला माणूस राउटर बंद करून चालू करतो. त्यात मूळ बिघाडाचा पुरावा पुसला जातो, आणि राउटर पुन्हा उठलाच नाही तर एकाचे दोन बिघाड होतात.

लाइट शून्य, दोन्हीकडे. म्हणजे फायबर केबलमधली काच तुटली होती. सेटिंग चुकलं असतं तर लाइट आली असती, रस्ते मात्र हरवले असते. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक आणि व्हॉट्सअॅप जगभर सहा तासांहून जास्त बंद पडले, ते या दुसऱ्या प्रकारचं दुखणं. देखभालीच्या एका कमांडने त्यांचं अंतर्गत जाळंच तोडलं आणि त्यांचे पत्ते इंटरनेटच्या नकाशावरून गायब झाले. काच शाबूत होती. आमचं दुखणं त्या मानाने गावठी, कुठल्या तरी खड्ड्यातलं.

मोरगावच्या माणसाला फायबरची रिंग समजावून सांगावी लागत नाही. अष्टविनायकाची यात्रा इथून निघते आणि आठही गणपती झाले की परत इथेच येऊन पुरी होते. फायबरचंही असंच वर्तुळ टाकतात. एका बाजूने वाट बंद झाली, तर माहिती उलट्या बाजूने फिरून येते. अट एवढीच, की दोन्ही वाटा खरोखर वेगळ्या हव्यात. कागदावर आमच्या होत्या.

तुटलेली जागा शोधायला ओटीडीआर नावाची पेटी लागते. ती काचेत उजेडाचा ठोका सोडते आणि मागे परतलेला उजेड मोजते. काचेतून जाताना उजेडाला किलोमीटरला साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात. आमचा ठोका जाऊन यायला 42 लागले, म्हणजे तुटलेली जागा 4.2 किलोमीटरवर. पण ही लांबी काचेची, रस्त्याची नव्हे. चेंबराचेंबरात जादा केबलची वेटोळी ठेवलेली असतात, तीही यात मोजली जातात. दुरुस्तीच्या पथकाने गाडीच्या मीटरवर 4.2 मोजले आणि दीड तास भलतीच माती उकरली. खरी जागा अर्धा किलोमीटर अलीकडे होती. जेसीबी तिथेच उभा होता आणि ड्रायव्हर सावलीत डबा खात होता.

जेसीबीचा दात केबल नुसती कापत नाही, ओढतो. दोन्ही टोकं आखडतात, मध्ये नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका केबलला दोन जोड. 24 काचांच्या केबलला 48 सांधे. केसाएवढी काच, तिचा उजेड वाहणारा गाभा अवघा 9 मायक्रॉनचा. निळ्याला निळी, नारिंगीला नारिंगी अशी लावून ती विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायची. हे काम करणाऱ्याला घाई करायला सांगू नये. आम्ही सांगितलं, तेव्हा त्याने मशीन खाली ठेवलं आणि चहा मागवला.

इकडे गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले होते. बिघाडाची सूचना लावायचं आमचं पान त्याच सर्व्हरवर, हे तेव्हा लक्षात आलं! मग मी कऱ्हा नदीच्या काठी जरा रेंज मिळाली तिथे बसून एकेकाला फोन लावला. ‘केबल तुटली आहे, जोडणी चालू आहे, वेळ सांगत नाही.’ ‘अर्ध्या तासात येईल’ यापेक्षा मोठी थाप आमच्या धंद्यात नाही. करारात आम्ही 99.9 टक्के सेवा लिहून दिली होती, म्हणजे महिन्याला 43 मिनिटं माफ. त्या दिवशी सहा तास गेले. आठ महिन्यांची माफी एका दुपारीत संपली.

आई नैवेद्याचं ताट झाकून वाट बघत होती. म्हणाली, ‘‘दोन कंपन्यांना पैसे देता ना रे?’’

देत होतो. पण दुसऱ्या कंपनीने शहराबाहेर पडेपर्यंतचा टप्पा पहिलीकडूनच भाड्याने घेतला होता. पावत्या दोन, चर एक. हे आमच्यासारख्या लहानांचंच होतं असं नाही. 24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11.40 ला थांबले. दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक एकदम बिघडल्या होत्या. पुढे कारणांत मार्गावरचं खोदकाम निघालं, आणि त्या धक्क्याने अडलेली स्टोरेज यंत्रणाही. व्यवहार दुपारी 3.45 ला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी 5 पर्यंत चालले.

खोदण्याआधी विचारायची सोय आता आहे. केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप मार्च 2023 मध्ये आलं. बेबंद खोदाईने देशाचं वर्षाला सुमारे 3000 कोटींचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज होता. पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्गाच्या रुंदीकरणाच्या काळात त्या बाजूला जाणं झालं, की मोटारीतून माझी नजर पिकांवर न जाता कडेच्या मुरमाच्या ढिगांवर जायची.

गणपती उठल्यावर मी त्या मुलाला घेऊन डेटा सेंटरपासून पायी निघालो. दोन्ही कंपन्यांचे नकाशे हातात होते. एकीने तर सरळ रेघच मारून पाठवली होती. तिसऱ्या चेंबरचं झाकण उचललं. दोन कंपन्यांचे दोन बिल्ले, आणि दोन्ही केबल एकाच तारेने नीट आवळून बांधलेल्या.

मुलाने फोटो काढला. तोच फोटो जोडून मी तिसऱ्या लिंकचा प्रस्ताव पाठवला, रेल्वेरुळांच्या कडेने येणाऱ्या. हिशेब विभागाचं उत्तर आलं: ‘दोन आहेत ना?’