‘मेंटी उत्सुक नाही, जोडी बंद’

ॲपवर हा शेरा आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर बसले होते. समोरचे आजोबा पासबुकासाठी हात पुढे करून उभे होते आणि मी आपली मोबाइलकडे बघतेय. उत्सुक नाही? पोलीस भरतीत मुलींना 155 सेंटिमीटर उंची लागते हे कळल्यावर जिनं त्याच संध्याकाळी चौकटीला पाठ लावून आजीकडून खडूची खूण करून घेतली, ती पोरगी उत्सुक नाही?

कार्यक्रम तसा सगळ्यांना माहीत असलेलाच. शहरातल्या नोकरदार बाईनं, म्हणजे मेंटरनं, खेड्यातल्या दहावीच्या मुलीशी, म्हणजे मेंटीशी, आठवड्यातून एकदा ॲपवरून बोलायचं. अभ्यास, पुढं काय करायचं, घरात काय चाललंय, जे निघेल ते. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. मी पुण्यात, ती बीड जिल्ह्यात शिरूर कासारकडची. आईवडील ऊसतोडीला जाणारे. नोंदणी जूनमध्ये शाळेतच झाली आणि पालकांचा नंबर म्हणून वडिलांचा नंबर लागला. घरात फोन तेवढा एकच.

दिवाळीपर्यंत छान चाललं. रेंज जायची, फोन मध्येच कटायचा, ठरलेली मिनिटं भरली नाहीत की ॲप त्या बोलण्याला ‘अपूर्ण सत्र’ म्हणायचं. पण आम्ही तुकड्यातुकड्यांनी बोलत राहिलो. रात्री ती व्हॉइस मेसेज ठेवायची. भरतीला मुलींना आठशे मीटर पळावं लागतं म्हणून पहाटे रस्त्यावर पळायला जाते, आजी काठी घेऊन कडेला उभी राहते, हे मला तिथंच कळलं.

दिवाळी झाली. मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती, गाडी आली, आईवडील सांगलीकडे गेले. फोनही त्यांच्याबरोबर गेला. ती आजीजवळ राहिली. संध्याकाळी चुलतभावाचा फोन मिळायचा, पण त्याच्यावर ॲप उघडायचं तर ओटीपी लागणार, आणि ओटीपी जाणार वडिलांच्या नंबरवर.

आता हे जरा डोळ्यांपुढं आणा. वडील फडात. फोन कोपीत नाही, कारण कोपीत वीज नाही. तो ट्रॅक्टरवाल्याकडे चार्जिंगला. गाडी भरून झाल्यावर, अंधार पडल्यावर तो हातात येणार. तोपर्यंत इकडं चुलतभावाला त्याचा फोन परत हवा. एकदा दोघांची वेळ जुळली, तिनं घाईघाईनं ओटीपी मागवला, वडिलांना फोन लावला, तर वडील म्हणाले, ‘‘बाई, बँकवाले सांगत्यात कुणालाच सांगू नका म्हणून.’’ पोटच्या पोरीलासुद्धा आकडे सांगेनात! ही सूचना आमच्याच शाखेत, माझ्या काउंटरच्या काचेवर चिकटवलेली आहे. त्यांचं काय चुकलं? तिनं समजावलं, रडली, शेवटी त्यांनी एकेक आकडा वाचून दाखवला, तोवर ओटीपीची मुदत संपून गेलेली. पुढं कधीतरी जमलं, तर चुलतभावानं मेमरी भरली म्हणून ॲपच काढून टाकलं. पुन्हा पहिल्यापासून.

इकडं मला ॲपचे मेसेज येत होते: ‘तुमच्या मेंटीला प्रोत्साहन द्या.’ कुठून देऊ? दोघींचे नंबर एकमेकींपासून लपवलेले. तिच्या नावापुढं आधी पिवळा ठिपका आला, मग लाल. मी संस्थेला लिहिलं, की मुलगी ऊसतोड कुटुंबातली आहे, जरा चौकशी करा. ‘आपली विनंती नोंदवली आहे’, असं उत्तर आलं. आणि एक दिवस तो शेरा.

मी फोन केला. समन्वयक मुलगी गोड होती. ‘‘ताई, सिस्टिमनं आपोआप बंद केलंय, मी फक्त कारण निवडलं.’’ निवडलं म्हणजे? तर पडद्यावर तीनच कारणं होती: शाळा बदलली, पालकांचा विरोध, मेंटी उत्सुक नाही. पहिली दोन खोटी ठरली असती म्हणून तिनं तिसरं दाबलं. बीड जिल्ह्यात काम करणाऱ्या ॲपमध्ये ‘हंगामी स्थलांतर’ हे कारणच नाही! आणि हाच अहवाल देणगीदारांकडे जाणार. त्यात माझी पोर आळशी म्हणून मोजली गेली.

चीड याची, की याच लोकांनी प्रशिक्षणात आम्हाला ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या अमेरिकन अभ्यासकांचं 2002 चं संशोधन सांगितलं होतं. जोडी वर्षभर किंवा जास्त टिकली तर मुलांना सर्वांत जास्त फायदा. पहिल्या तीन महिन्यांतच तुटली तर मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी होतो. मध्येच सोडून जाऊ नका, असं आम्हाला बजावलं होतं. यंत्राला कुणी बजावलं नसावं.

ॲपला शिव्या घालून झाल्यावर आता दुसरी बाजू. मध्यंतरी माझ्या भाच्याला एका दुसऱ्या ठिकाणी मेंटर मिळाला, सगळं साध्या व्हॉट्सॲपवर. माझा पहिला प्रश्न होता, ‘‘यांच्या बोलण्याची नोंद कुठं राहते? नंबर का दिला?’’ बहीण माझ्याकडे बघतच राहिली. पण अनोळखी मोठा माणूस आणि अल्पवयीन मूल यांच्यामध्ये कुणीतरी जागं असायलाच हवं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातली पालकांच्या संमतीची अटही मला योग्यच वाटते. भलेही त्याच संमतीच्या नंबरानं माझा घात केला.

पुढं शाळेच्या बाईंनी त्यांच्या फोनवरून शनिवारी आमचं बोलणं करून दिलं, स्पीकर लावून. त्यांचे उपकारच. पण बाई शेजारी बसलेल्या असताना ती फक्त गणिताबद्दल बोलायची. पळण्याचा विषय निघाला नाही, आईची आठवण निघाली नाही. त्या बाबतीत ते ॲप बरं होतं, हे कबूल करायला जड जातं.

ती दहावी झाली. भरतीला बारावी लागते, म्हणून अकरावीला प्रवेश घेतलाय. तो शेरा बदलावा म्हणून मी लेखी अर्ज दिला. बंद झालेल्या जोडीत फेरफार करता येत नाही, असं उत्तर आलं.

ॲप बनवणाऱ्यांना विनंती, की जोडी बंद करण्याआधी माणसानं एकदा फोन करावा आणि ओटीपीसाठी गावातल्या शिक्षकांचा किंवा आशाताईंचा दुसरा नंबर घ्यावा. आणि तुम्ही मेंटर होणार असाल तर जरूर व्हा, फक्त पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: हा फोन कुणाचा, आणि दिवाळीनंतर तो कुठं असतो?