उंदीर समजून मारले

1996 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या चाळीतल्या खोलीत रात्री मोरीकडून चिक्‌चिक् आवाज यायचा. ज्वारीचे पोते कुरतडलेले होते. एका रात्री आम्ही दिवा लावला आणि भिंतीच्या कडेने पळणाऱ्या, लांब नाकाच्या त्या जिवाला केरसुणीच्या बुडख्याने मारले. घरभर उग्र वास सुटला. आई म्हणाली, "अरे, ही तर चिचुंद्री! हिला कशाला मारलंत?"

पोते पुढेही कुरतडले जातच राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोरीमागच्या डब्यात, कागदाच्या कपट्यांत तीन पिले सापडली. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली. दोन मेलेली होती. तिसऱ्याला धाकटी रात्रभर कापसाच्या वातीने दूध पाजत बसली. सकाळी तेही गेले. दोन दिवस पोर आमच्याशी बोलली नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, चिचुंद्री मारली की घरची बरकत जाते. बरकतीचे आम्हाला ठाऊक नाही. झुरळे मात्र वाढली.

मग शोधून वाचले. चिचुंद्री उंदीर नव्हेच. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो कुरतडतो. चिचुंद्रीचे तसे वाढत नाहीत. ती झुरळे, किडे, गांडुळे खाते. नजर अधू, सारी भिस्त नाकावर आणि मिशांवर. वास येतो तो कुशीतल्या ग्रंथींचा. मांजर तिला मारते, पण सहसा खात नाही. लिनियसने 1766 मध्ये तिच्या शास्त्रीय नावात 'उंदरासारखी' असा शब्द घातला, पण जागा दिली ती चिचुंद्र्यांतच. आम्ही तेवढेही पाहिले नाही.

तिची भावंडे रानातही आहेत. दक्षिण सह्याद्रीच्या डोंगरी जंगलांत एक जात राहते. डॉब्सनने 1888 मध्ये तिला नाव दिले. आणखी एक चिमुकली जात दक्षिण युरोपापासून आपल्या देशापर्यंत आढळते. तिचे वजन जेमतेम 2 ग्रॅम, आणि काळीज मिनिटाला 1500 वेळांपर्यंत धडधडते. असल्या जिवाला काही तासांची उपासमारही सोसत नाही. हे वाचताना तो डबा डोळ्यांपुढे आला.

पिले हिंडती झाली की पहिले आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरते, दुसरे पहिल्याला, तिसरे दुसऱ्याला. अंधारात अशी सगळी आगगाडी चालते. गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली ती आम्ही प्रत्यक्ष पाहिली. इंजिन आणि तीन डबे. धाकटी माहेरी आली होती, कडेवर तिचे बाळ. तिने हळूच जिन्यावरचा दिवा मालवला.